थिंकपॅड टी४८०ची एसएसडी बदलताना: सॅटा, एनव्हीएमई की रिकामा स्लॉट?

लेनोवोचा थिंकपॅड टी४८० हा लॅपटॉप २०१८ साली बाजारात आला. कंपन्यांच्या लीजवरून परत आलेली त्याची यंत्रे आज लॅमिंग्टन रोडपासून नेहरू प्लेसपर्यंतच्या जुन्या लॅपटॉपच्या दुकानांत सहज दिसतात. त्यांतल्या बहुतेकांत २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली साठवणीची ड्राइव्ह असते, आणि विंडोज, ऑफिस, मोबाइलवरून उतरवलेले फोटो व वर्षभराची कागदपत्रे एवढ्यानेच ती भरत येते. यंत्र मात्र टाकून देण्याजोगे झालेले नसते. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला, तरी आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असलेला टी४८० विंडोज ११च्या अधिकृत अटींत बसतो. आधीच्या टी४७०ला ती सोय नाही. त्यामुळे अशा यंत्रावर मोठ्या एसएसडीचा खर्च करणे सयुक्तिक आहे. प्रश्न उरतो तो कोणती एसएसडी घ्यावी हा, आणि त्याचे उत्तर खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या वेगावरून काढले, तर पैसे चुकीच्या ठिकाणी जाण्याचीच शक्यता अधिक.

खरेदीपूर्वी आपल्या यंत्रात आज काय बसवलेले आहे, हे पाहणे आवश्यक आहे. टी४८०मध्ये मुख्य ड्राइव्हसाठी एकच खण असतो, आणि त्यात दोनपैकी एक गोष्ट बसते: ७ मिलिमीटर जाडीची अडीच इंची सॅटा ड्राइव्ह किंवा एका ट्रेमध्ये बसवलेली ८० मिलिमीटर लांबीची, पातळ पट्टीच्या आकाराची एम.२ एनव्हीएमई ड्राइव्ह. सॅटा ही ड्राइव्ह जोडण्याची जुनी, संथ पद्धत आणि एनव्हीएमई ही नवी, वेगवान. दोन्हींच्या केबल वेगळ्या असतात. म्हणजे सॅटाचे यंत्र एनव्हीएमईवर न्यायचे असेल, तर ड्राइव्हसोबत तो ट्रे आणि त्याची केबलही विकत घ्यावी लागते, आणि दुकानदार हे आपणहून सांगेलच असे नाही. हा ट्रे एनव्हीएमईसाठी आहे, हेही ध्यानात ठेवावे. दिसायला जवळजवळ तशीच असणारी एम.२ सॅटा ड्राइव्ह स्वस्त मिळाली म्हणून घेऊन आलेले लोक मी पाहिले आहेत. ती परत करायला पुन्हा बाजार गाठावा लागतो.

आता वेगाकडे वळू. सॅटा ३ या जोडणीतून प्रत्यक्षात सेकंदाला ५५० मेगाबाइटच्या आसपासच माहिती जाऊ शकते. सॅमसंगच्या ८७० इव्होसारखी चांगली ड्राइव्ह वाचनाला ५६० आणि लेखनाला ५३० असे आकडे देते, म्हणजे ती जोडणीच्या मर्यादेला टेकलेलीच असते. तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई चार लेनवर, म्हणजे माहितीच्या चार समांतर वाटांवर, ३५०० मेगाबाइटपर्यंत जाते, आणि चौथ्या पिढीच्या महागड्या ड्राइव्हवर ७००० हा आकडा छापलेला असतो. मात्र टी४८०च्या या ट्रेला पीसीआय एक्सप्रेस ३.०च्या, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या जोडणीच्या, दोनच लेन मिळतात. दोन लेनमधून व्यवहारात १७०० ते १८०० मेगाबाइट मिळाले तरी पुष्कळ झाले. चौथ्या पिढीची ड्राइव्ह येथे बसते आणि चालतेही, पण चालते ती या यंत्राच्या वेगाने. नावात केवळ एका अक्षराचा फरक असलेल्या टी४८०एसमध्ये चार लेन आहेत, मात्र अडीच इंची खण नाही. त्यामुळे एकासाठी दिलेला सल्ला दुसऱ्याला जसाच्या तसा लागू करू नये.

तरीही १७०० हा आकडा ५५०च्या तिप्पट आहे, मग लॅपटॉप तिप्पट वेगाने चालेल का? चालणार नाही. विंडोज सुरू होताना, ब्राउझर उघडताना किंवा टॅलीसारखा प्रोग्राम चालवताना यंत्र एका सलग मोठ्या फाइलऐवजी ठिकठिकाणी विखुरलेल्या हजारो छोट्या फाइल वाचत असते. चार किलोबाइटचे असे तुकडे एकामागून एक वाचायचे असतील, तर फिरत्या हार्ड डिस्कला सेकंदाला एक मेगाबाइटही गाठता येत नाही, सॅटा एसएसडी साधारण ३० ते ४० मेगाबाइट वाचते, आणि तिसऱ्या पिढीची चांगली एनव्हीएमई ५० ते ७०पर्यंत जाते. जाणवणारी खरी झेप हार्ड डिस्ककडून कोणत्याही एसएसडीकडे जाताना घेतली जाते. सॅटाकडून एनव्हीएमईकडे जाताना होणारा फरक रोजच्या कामात घड्याळ लावून पाहिला, तरच दिसतो. ज्यांच्या यंत्रात आधीपासून एसएसडी आहे आणि तरीही ते रखडते, त्यांनी आधी मेमरी तपासावी. टी४८०मध्ये डीडीआर४ मेमरीचे दोन स्लॉट आहेत. ८ जीबीच्या यंत्रात दुसरे ८ जीबी घातल्याने जो आराम पडतो, तो कोणतीही ड्राइव्ह देऊ शकत नाही.

फरक उघडा पडतो तो मोठे लेखन करताना, आणि तेथे सॅटा की एनव्हीएमई यापेक्षा ड्राइव्हच्या आतली चिप कोणत्या जातीची आहे हे अधिक महत्त्वाचे ठरते. टीएलसी चिपच्या एका कप्प्यात तीन बिट साठवले जातात आणि क्यूएलसीमध्ये चार. क्यूएलसी स्वस्त पडते, पण तिच्यावर थेट लिहिणे संथ असते, म्हणून उत्पादक चिपचा काही भाग वेगवान कॅश, म्हणजे तात्पुरती साठवण, म्हणून वापरतात आणि ती कॅश भरेपर्यंत सारे आलबेल दिसते. सॅमसंगने आपल्या ८७० क्यूव्हीओबद्दल हे स्वतःच छापले आहे: १ टीबीच्या ड्राइव्हमध्ये ही कॅश जास्तीत जास्त ४२ जीबी असते आणि ती भरल्यावर लेखनाचा वेग सेकंदाला ८० मेगाबाइटवर येतो. लग्नाच्या चित्रीकरणाचा १०० जीबीचा फोल्डर तिच्यावर उतरवायचा झाला, तर पहिले ४२ जीबी दीड मिनिटाच्या आत जातात आणि उरलेल्या ५८ जीबींना बारा मिनिटे लागतात. हा वेग जुन्या हार्ड डिस्कचा झाला. महिन्यातून एकदाही असे काम न करणाऱ्याला याने काही बिघडत नाही. पण छायाचित्रकार, व्हिडिओ संपादक किंवा व्हर्च्युअल मशीन (यंत्राच्या आत भासवलेले दुसरे यंत्र) चालवणारा विद्यार्थी यांनी क्यूएलसीच्या वाटेला जाऊ नये.

दुसरा मुद्दा ड्राइव्हमधल्या डीरॅमचा, म्हणजे तिच्या वेगवान तात्पुरत्या मेमरीचा. कोणती माहिती कोणत्या कप्प्यात आहे याची सूची ड्राइव्हला सतत लागते, आणि महाग ड्राइव्हमध्ये त्यासाठी स्वतंत्र डीरॅम चिप असते. ती नसली, तर एनव्हीएमई ड्राइव्ह लॅपटॉपच्या मेमरीतला थोडा भाग उसना घेऊ शकते. सॅटाला मात्र अशी सोय नाही. म्हणून एनव्हीएमई घेताना डीरॅम नसणे क्षम्य आहे आणि वेस्टर्न डिजिटलच्या एसएन५७० किंवा एसएन५८०सारख्या ड्राइव्ह त्याविना उत्तम काम देतात, परंतु सॅटा घेताना डीरॅम असलेलीच घ्यावी. ८७० इव्हो आणि क्रुशलची एमएक्स५०० यांत ती आहे. क्रुशलचीच बीएक्स५०० आणि किंग्स्टनची ए४०० यांत ती नाही, आणि या दोन्हींची वॉरंटी तीन वर्षांची आहे, तर आधीच्या दोन्हींची पाच.

टिकाऊपणाचा बाऊ मात्र करू नये. ८७० इव्होच्या १ टीबी ड्राइव्हला ६०० टीबी लेखनाची हमी आहे, एमएक्स५००ला ३६०, आणि क्रुशल पी३ या क्यूएलसी एनव्हीएमईला २२०. हे आकडे शेजारी ठेवले की शेवटचा फारच बिचारा वाटतो. पण दिवसाला ३० जीबी लिहिले, आणि घरगुती वापरात एवढे क्वचितच होते, तरी २२० टीबी संपायला वीस वर्षे लागतील. तोवर टी४८०चा कीबोर्डही जाग्यावर नसेल.

तिसरा पर्याय रिकाम्या स्लॉटचा आहे. या यंत्रात सिमकार्डाच्या इंटरनेट मोडेमसाठी एक छोटा स्लॉट असतो, जो आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांत रिकामा आढळतो आणि ४२ मिलिमीटर लांबीची एनव्हीएमई ड्राइव्ह स्वीकारतो. म्हणजे जुनी २५६ जीबीची ड्राइव्ह जागेवर ठेवून, विंडोजला धक्का न लावता, दुसरी ड्राइव्ह माहितीसाठी जोडता येते. ऐकायला हा मार्ग सर्वांत सोपा वाटतो आणि खोलखाल करण्याच्या दृष्टीने तो आहेही. अडचण ती ड्राइव्ह मिळवण्याची आहे. त्या स्लॉटला दोन खाचांची, म्हणजे बी आणि एम अशा दोन्ही किल्ल्यांची ड्राइव्ह लागते, तर ४२ मिलिमीटरच्या बऱ्याच नव्या ड्राइव्ह एकाच खाचेच्या असतात व तेथे शिरतच नाहीत. दोन खाचा असलेल्या पुष्कळ छोट्या ड्राइव्ह सॅटाच्या असतात, आणि त्या शिरल्या तरी चालत नाहीत. विक्रेत्याने ड्राइव्हचा स्पष्ट फोटो दाखवला आणि परत घेण्याचे कबूल केले, तरच या वाटेने जावे.

किमतीचा हिशेब गेल्या काही काळात उलटला आहे. सॅटा स्वस्त आणि एनव्हीएमई महाग हा जुना समज आता बरेचदा खरा ठरत नाही, कारण डीरॅम असलेल्या चांगल्या सॅटा ड्राइव्हचे पर्याय कमी होत चालले आहेत आणि त्यांची किंमत तेवढ्याच क्षमतेच्या साध्या एनव्हीएमईइतकी किंवा तिच्याहून अधिक असू शकते. त्यातच मेमरी चिपांचे भाव २०२५च्या अखेरीपासून चढले आणि क्रुशल ही मायक्रॉनची ग्राहकांसाठीची शाखा बंद करण्याचा निर्णय त्या कंपनीने डिसेंबर २०२५मध्ये जाहीर केला. विकलेल्या मालाची वॉरंटी पाळण्याचे आश्वासन तिने दिले आहे. तेव्हा ज्यांच्या यंत्रात एनव्हीएमईचा ट्रे आधीच आहे, त्यांनी १ टीबीची, टीएलसी चिपची, मध्यम किमतीची तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीची ड्राइव्ह घ्यावी आणि ७०००च्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. ज्यांच्याकडे अडीच इंची खण आहे, त्यांनी डीरॅमसह सॅटाची किंमत एका बाजूला आणि एनव्हीएमई, ट्रे व केबल यांची बेरीज दुसऱ्या बाजूला मांडावी. बेरीज थोडी जास्त आली, तरी माझा कौल एनव्हीएमईला राहील, कारण दोन-तीन वर्षांनी यंत्र बदलले, तर तीच ड्राइव्ह नव्या यंत्रात जाऊ शकते. अडीच इंचीचा खण नव्या लॅपटॉपमध्ये सापडणे कठीण आहे. उलट, घरात आणखी एखादा २०१२-१३चा लॅपटॉप असेल आणि पुढे ती ड्राइव्ह त्याला लावायची असेल, तर सॅटाच बरी. जाड उष्णताशोषक चिकटवलेली एनव्हीएमई मात्र कोणीही घेऊ नये, कारण ती ट्रेमध्ये बसत नाही.

प्रत्यक्ष बदल अर्ध्या तासाचा आहे, पण एक पायरी चुकवू नये. टी४८०ला दोन बॅटऱ्या असतात. मागची खिट्टी सरकवून बाहेरची काढली, तरी आतली चालूच राहते. म्हणून यंत्र सुरू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जावे, कॉन्फिग आणि त्याखाली पॉवर निवडून आतली बॅटरी बंद करण्याचा आदेश द्यावा. यंत्र आपोआप विझते आणि चार्जर लावेपर्यंत बॅटरी निद्रिस्त राहते. त्यानंतर तळाचे स्क्रू सैल करावेत. ते झाकणातच अडकून राहतात, त्यामुळे हरवण्याची भीती नसते. झाकणाच्या फटीत जुने एटीएम कार्ड घालून कडेने फिरवले, की एकेक क्लिप ‘टक्’ असा आवाज करत सुटते. पहिल्यांदा ऐकताना काहीतरी मोडले असेच वाटते. ट्रे काढताना केबल न ओढता तिच्या टोकाचा कनेक्टर धरावा.

जुन्या ड्राइव्हची हुबेहूब प्रत करावी की विंडोज नव्याने टाकावी, याबाबत दोन्ही बाजूंनी बोलता येते. प्रत केली, तर सारे प्रोग्राम आणि पासवर्ड जसेच्या तसे राहतात, पण त्यासाठी नवी ड्राइव्ह बाहेरून जोडणारा यूएसबी डबा लागतो. सॅटासाठीची केबल स्वस्त असते, एनव्हीएमईसाठीचा डबा त्याहून महाग. शिवाय सॅटावरून एनव्हीएमईवर आणलेली विंडोज कधी कधी निळ्या पडद्यावर अडकते, आणि एकदा सेफ मोडमध्ये, म्हणजे कमीत कमी गोष्टींसह, सुरू केल्यावर बहुधा रुळावर येते. जुने यंत्र विकत घेतलेल्यांनी मात्र, माझ्या मते, विंडोज नव्यानेच टाकावी, कारण आधीच्या मालकाने किंवा दुकानदाराने त्यात काय काय भरून ठेवले आहे, ते आपल्याला ठाऊक नसते. यंत्राचा विंडोज परवाना अस्सल असेल, तर तो मदरबोर्डशी जोडलेला असतो आणि तीच आवृत्ती टाकल्यास इंटरनेट मिळताच आपोआप लागू होतो. दोन्ही मार्गांत बिटलॉकरची, म्हणजे ड्राइव्हला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवावी.

नवी ड्राइव्ह चालू झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने तिचे चाललेले तास पाहावेत. एका दुकानातून ‘सीलबंद’ म्हणून घेतलेल्या ड्राइव्हने मला पहिल्याच दिवशी चार हजारांहून अधिक तास दाखवले होते. बिल हाती होते म्हणून ती बदलून मिळाली. काढलेली जुनी ड्राइव्ह महिनाभर पुसू नये, कारण राहून गेलेली एखादी फाइल हमखास त्याच काळात आठवते. मात्र फोटोंची कायमची प्रत म्हणून तिला कपाटात टाकूनही देऊ नये. एसएसडीतली माहिती विजेविना अनंत काळ टिकत नाही: लेखनाची हमी संपत आलेल्या ड्राइव्हने ३० अंश तापमानात वर्षभर माहिती धरून ठेवावी, एवढीच या उद्योगाच्या मानकाची अपेक्षा आहे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाट त्याहून तापते.