वेबव्ह्यूमधून एक्स्टेन्शनचा कोड चालवायचा: मेसेज, कमांड-लिंक की लोकल सर्व्हर?

व्हीएस कोड या कोड एडिटरमध्ये एखाद्या एक्स्टेन्शनने (जोड-प्रोग्रामने) दाखवलेलं, आयफ्रेम म्हणजे वेगळ्या चौकटीत चालणारं वेबपान म्हणजे वेबव्ह्यू. तिथल्या जावास्क्रिप्टला ना नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीची) मोड्यूल्स मिळतात, ना एडिटरचा एपीआय, म्हणजे एडिटरची फंक्शन्स बोलवायची सोय. फाइल वाचणं, गिट चालवणं, डेटाबेसला विचारणं हे सगळं एक्स्टेन्शन होस्ट या वेगळ्या प्रोसेसमध्ये होतं. पानावरून तिथलं फंक्शन चालवायचे तीन मार्ग आहेत. नव्याने सुरुवात करत असाल तर डोळे झाकून मेसेज घ्या. बाकीचे दोन कुठे बसतात ते पुढे येतंच.

कमांड-लिंक

सगळ्यात कमी कोड यात लागतो. वेबव्ह्यू तयार करताना कमांड यूआरआय (एडिटरची कमांड चालवणारे पत्ते) चालू करायचे आणि पानावर 'कमांड:' ने सुरू होणारी लिंक टाकायची. आर्ग्युमेंट्स जेसन (डेटा मजकुरात लिहायची पद्धत) ॲरे म्हणून एन्कोड करून प्रश्नचिन्हाच्या पुढे जोडायची. मात्र उत्तर परत येत नाही, त्यामुळे 'सेटिंग्ज उघडा' छापाच्या बटणांपलीकडे याचा उपयोग नाही. परवानगी देताना 'ट्रू' लिहून मोकळं होऊ नका, लागतील तेवढ्याच कमांडची यादी द्या. नाहीतर बाहेरून आलेल्या मजकुरातली एखादी लिंक कुठलीही कमांड चालवू शकते. वापरकर्त्याने क्लिक करायचाच काय तो अवकाश.

मेसेज

पानात 'ॲक्वायर व्हीएस कोड एपीआय' हे फंक्शन मिळतं. ते एकदाच बोलवता येतं, दुसऱ्यांदा बोलवलं की एरर. म्हणून ते एकाच फाइलमध्ये बोलवा आणि मिळालेला ऑब्जेक्ट बाकीच्या कंपोनंटना तिथून द्या. एकाच पानावर दोन बंडल (एकत्र बांधलेल्या जावास्क्रिप्ट फाइल्स) असले की हा एरर हमखास भेटतो.

मुळात त्या ऑब्जेक्टवरचं मेसेज पाठवायचं फंक्शन, 'पोस्ट मेसेज', एकतर्फी आहे: पाठवलं आणि विसरलं. फंक्शन कॉलसारखं वापरायचं तर वर थोडी बांधणी करावी लागते. प्रत्येक विनंतीला वाढत जाणारा क्रमांक द्या, तो क्रमांक आणि प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराची जागा धरणारा ऑब्जेक्ट) एका मॅपमध्ये, म्हणजे जोड्यांच्या यादीत, ठेवा, एक्स्टेन्शनने उत्तरात तोच क्रमांक परत पाठवला की प्रॉमिस सोडवा. टाइमआउटही (वाट पाहायची मुदत) लावा. तो नसेल तर हरवलेल्या उत्तराची वाट पाहणारं प्रॉमिस मॅपमध्ये तसंच पडून राहतं आणि पानावरचं चक्र फिरतच राहतं. सगळं मिळून पन्नासेक ओळी होतात. एवढ्यासाठी लायब्ररी आणायची गरज नाही.

अडतं ते पुढच्या ठिकाणी.

डेटा जेसनमध्ये बसणारा हवा. तारखेचं स्ट्रिंग होतं, मॅपचा रिकामा ऑब्जेक्ट होतो. एरर ऑब्जेक्ट तसाच पाठवला तर त्याचाही रिकामा ऑब्जेक्ट होतो, म्हणून त्यातला मजकूर आणि कोड वेगळे काढून पाठवा. बायनरी डेटासाठी ॲरे बफर चालतो, पण एक्स्टेन्शनच्या पॅकेज फाइलमध्ये इंजिनची (व्हीएस कोडची) किमान आवृत्ती १.५७ लिहिलेली असली तरच तो नीट आणि कार्यक्षमपणे जातो.

टॅब मागे गेला की पानच मोडलं जातं आणि त्या काळात पाठवलेले मेसेज पोचत नाहीत. 'रिटेन कॉन्टेक्स्ट व्हेन हिडन' लावलं की पान जिवंत राहतं, पण मेमरी खातं. त्यापेक्षा त्याच एपीआय ऑब्जेक्टवरच्या 'सेट स्टेट' ने स्थिती जपून ठेवा, पान परत उभं राहिलं की त्यानेच आधी 'तयार' असा मेसेज पाठवावा आणि एक्स्टेन्शनने त्यानंतरच ताजा डेटा द्यावा. पहिल्यांदा पान उघडताना लिसनर (मेसेज ऐकणारं फंक्शन) लागायच्या आत मेसेज येऊन हरवतो, तो घोळही यानेच मिटतो.

आणि एक्स्टेन्शनमध्ये मेसेज हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये (हँडलरमध्ये) सिंक्रोनस, म्हणजे संपेपर्यंत बाकी सगळं अडवणारं, जड काम नको. एक्स्टेन्शन होस्टमध्ये इतर एक्स्टेन्शनही चालत असतात. तुमचं लूप अडकलं की त्यांचं ऑटो-कम्प्लीटही थांबतं. असं काम चाइल्ड प्रोसेसमध्ये, म्हणजे वेगळ्या प्रोसेसमध्ये, टाका.

लोकल सर्व्हर

बॅकएंड आधीच एचटीटीपीवर तयार असेल, पायथनमध्ये असेल, किंवा तेच पान ब्राउझरमध्येही चालवायचं असेल, तर एक्स्टेन्शनने त्याच मशीनवर सर्व्हर चालवायचा आणि पानाने थेट त्याला विचारायचं, याचा मोह होणं साहजिक आहे. फेच (विनंती पाठवणारं फंक्शन) लिहिलं की झालं, डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये सगळं दिसतं. पण जबाबदारी वाढते.

सर्व्हर १२७.०.०.१ (फक्त त्याच मशीनचा पत्ता, लोकलहोस्ट) वरच बांधा. पोर्ट शून्य मागा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा पोर्ट देते आणि दोन विंडो उघडल्या तरी टक्कर होत नाही. पानाच्या सीएसपीमध्ये (पान कुठे जोडू शकतं याच्या नियमांत) 'कनेक्ट-सोर्स' ला तो पत्ता जोडा, सर्व्हरवर सीओआरएस (दुसऱ्या ठिकाणच्या पानाला उत्तर वाचू द्यायचे ब्राउझरचे नियम) हाताळा. वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्ये उघडलेली कुठलीही वेबसाइट याच पत्त्यावर विनंती पाठवू शकते. सीओआरएस तिला उत्तर वाचू देत नाही, पण साधी पोस्ट विनंती सर्व्हरवर पोचून काम करून बसते. म्हणून सर्व्हर सुरू होताना दर वेळी यादृच्छिक टोकन (गुप्त शब्द) तयार करून ते प्रत्येक विनंतीच्या हेडरमध्ये मागा आणि विनंती कुठल्या पत्त्यासाठी आहे ते सांगणारा होस्ट हेडर तपासा. वेबसॉकेटला (दोन्हीकडून चालू राहणाऱ्या जोडणीला) तर सीओआरएस लागूच होत नाही. तिथे ओरिजिन, म्हणजे विनंती कुठल्या साइटवरून आली ते, स्वतः तपासावा लागतो.

खरा दणका रिमोटवर बसतो. एसएसएचने दुसऱ्या मशीनवर किंवा कंटेनरमध्ये (वेगळ्या बंदिस्त वातावरणात) काम चालू असताना सर्व्हर तिकडच्या मशीनवर असतो आणि वेबव्ह्यू इकडच्या. पानातला लोकलहोस्ट मग भलत्याच ठिकाणी जातो. वेबव्ह्यूच्या 'पोर्ट मॅपिंग' ने हे सुटतं, पण फक्त एचटीटीपी आणि एचटीटीपीएससाठी. वेबसॉकेटचा पत्ता त्यातून दुसऱ्या पोर्टवर वळवता येत नाही. मेसेजला यातलं काहीच आडवं येत नाही, कारण त्यांची ने-आण एडिटर स्वतः करतो. सर्व्हर ठेवणं भागच असेल तर मधला तोडगा काढा: पानाने मेसेज पाठवायचा, एक्स्टेन्शनने त्याच मशीनवरच्या सर्व्हरला विचारायचं आणि उत्तर मेसेजनेच परत द्यायचं. सीएसपीमधला सर्व्हरचा पत्ता, सीओआरएस आणि पोर्ट मॅपिंग तिन्ही गळून पडतात. टोकन मात्र काढू नका. तो पोर्ट बाकीच्या प्रोग्रामना दिसतोच आहे.