पहिला आठवडा: एक खोली की सगळं घर?

शेल्टरमधून आणलेल्या कुत्र्याला लगेच सगळं घर मोकळं करावं, की एका खोलीत ठेवावं? मोकळं सोडण्यामागे माया असते, हे खरं. पण त्या जिवाला मिक्सरचा आवाज नवा, दाराची बेल नवी, गुळगुळीत फरशीवर पायही ठरत नाहीत. तो पलंगाखाली शिरतो, आपण ओढून काढायला जातो, आणि तिथेच चावण्याची वेळ येते.

म्हणून बहुतेकांसाठी मी एक खोलीच सांगेन. जुनी गोधडी, पाण्याचं भांडं, कमी वर्दळीचा कोपरा. एकट्याला कोंडायचं मात्र नाही. आपण जमिनीवर बसावं, त्याच्याकडे टक लावून बघू नये. तो सारखा ओठ चाटत असेल, जांभया देत असेल, शेपूट पायांत घालत असेल तर तो घाबरलेला आहे. हुंगायला आपणहून येईपर्यंत हात पुढे करू नका. खाणं शेल्टरमधलंच चालू ठेवा, बदल 7 ते 10 दिवसांत हळूहळू.

आधी कुणाच्या घरात वाढलेला कुत्रा मात्र कधीकधी बंद खोलीत रडतो, दार ओरबाडतो. त्याच्यासाठी खोलीचं दार उघडं ठेवा.

मुख्य दार आणि बाल्कनी दोन्ही पर्यायांत बंदच हवी. बिथरून पळाला, तर परतीची वाट त्याला अजून माहीत नसते.