केबल 'उघडेपर्यंत' परतीची मुदत संपते

स्पीकरची महागडी केबल घ्यायचा विचार असेल आणि विक्रेता "दोनशे तास वाजू द्या, मग बोला" म्हणत असेल, तर आधी एक साधा हिशेब करा. (तेवढे तास वाजल्यावरच केबल 'उघडते', म्हणजे तिचा आवाज खुलतो, असा हा दावा. त्यालाच 'बर्न-इन' म्हणतात.) घरात रोज तीन तास गाणी वाजतात असं धरलं, तरी २०० तासांना ६७ दिवस लागतात. आणि माल परत घ्यायची मुदत किती? माझ्या पावतीवर ३० दिवस छापलेले होते. दोनशे तासांचं मात्र कुठेच लेखी नव्हतं, ते सगळं तोंडी.

माझी जोडी तीन-तीन मीटरची. खोक्यावर लिहिलेलं: ऑक्सिजनमुक्त तांबं, ४ चौरस मिलिमीटर, क्रायो-ट्रीटेड (म्हणजे अतिथंड करून घेतलेलं). अंगठ्याएवढी जाड, वर काळी-जांभळी नायलॉनची वीण, टोकांना सोनेरी बनाना प्लग (स्पीकरच्या भोकात खुपसायच्या पिना), मधोमध एक लाकडी नळकांडं आणि सिग्नल कुठून कुठे जातो ते दाखवणारा बाण. विकणारा हौशी मंडळींत नाव असलेला, गोड बोलणारा, गाण्याचा खरोखर जाणकार. हे मुद्दाम सांगतो, कारण असा माणूस ठग वाटत नाही.

ऐकवण्याचा कार्यक्रम त्याने छान रंगवला. आधी बारीक वायर, मग ही. दुसऱ्या वेळी आवाज मोकळा, भरदार, जवळ आल्यासारखा. दोन्ही वेळा व्हॉल्यूम तोच होता का, हे कुणी मोजलं नाही. एक डेसिबलचा फरक कानाला 'मोठा आवाज' म्हणून कळत नाही, 'चांगला आवाज' म्हणून कळतो. म्हणूनच नीट तुलना करणारे लोक दोन्ही बाजूंची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवून घेतात आणि त्यासाठी स्पीकरच्या टोकांवर मीटर लावतात. तिथे असं काही नव्हतं. मध्ये तो उठून अॅम्प्लिफायरपाशी गेला होता एवढं आठवतं.

घरी लावल्यावर आवाज होता तसाच. फोन केला तर उत्तर तयार: "सर, अजून केबल उघडली नाही." पुन्हा विचारलं तर, "मधेच काढून पाहिलीत का? काढली की बर्न-इन मोडतो, तिला पुन्हा बसायला वेळ लागतो." या एका वाक्यात सगळी मेख आहे. केबल काढायचीच नाही म्हटल्यावर जुनीशी तुलना करणार कशी? वर दोष केबलचा नाही, घाईचा. आणखी काही दिवसांनी तो अॅम्प्लिफायरवर घसरला: तोच कमी पडतोय, त्याला चांगली पॉवर केबल हवी. केबल लवकर 'उघडण्यासाठी' यंत्रावर लावून देण्याची वेगळी सेवाही त्याच्याकडे होती, अर्थात पैसे देऊन. तोवर ३० दिवस उलटून गेले होते.

बर्न-इन ही कल्पना पूर्ण हवेतली नाही, म्हणून ती गळी उतरते. नव्या स्पीकरच्या कोनाभोवतीची कड आणि आतला स्पायडर (कोनाला मध्यावर धरून ठेवणारी लवचिक चकती) सुरुवातीला थोडा ताठ असतो, वाजल्यावर सैलावतो आणि ड्रायव्हरची रेझोनन्स फ्रीक्वेन्सी, म्हणजे ज्या कंपनसंख्येला तो आपोआप जास्त थरथरतो ती, थोडी खाली येते. हे मोजता येतं. पण तांब्याच्या तारेत सैलावण्यासारखं काय आहे? खोलीच्या तापमानाला, काही व्होल्टच्या सिग्नलने तांब्याच्या स्फटिकांची रचना बदलत नाही. बदलतो तो आपला कान, म्हणजे खरं तर मेंदू. नव्या आवाजाला तो सरावतो आणि विक्रेत्याने कबूल केलेला बदल 'झाला' असं वाटायला लागतं.

बाणाचंही तसंच. गाण्याचा सिग्नल एसी असतो, सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होतो. त्याला एकच दिशा चांगली कशी लागेल? अपवाद एक. एका उपकरणातून दुसऱ्यात सिग्नल नेणाऱ्या काही इंटरकनेक्ट केबलींमध्ये शील्ड, म्हणजे बाहेरचा गोंगाट अडवणारं धातूचं आवरण, एकाच टोकाला जोडलेली असते आणि तिथे बाणाला अर्थ असतो. स्पीकर केबलवरचा बाण शोभेचा.

फसवणूक उघडी पडली ती आवाजामुळे नाहीच. कपाट सरकवताना केबलला ताण बसला आणि एका बनाना प्लगमधून तार निसटली. प्लगचा छोटा स्क्रू नीट आवळलेलाच नव्हता. तारेतली उघडी पडलेली एक बारीक काडी वरून तांबूस, पण जिथे तुटली होती तिथे पांढरी. ब्लेडने एक काडी हलकेच खरवडली. तांबं कागदासारखं निघालं आणि खाली चकचकीत पांढरा धातू. हीच सीसीए, म्हणजे वरून तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार. (उलट असेल, म्हणजे बाहेरून रुपेरी आणि आत लाल, तर घाबरू नका, ती कथिलाचा थर दिलेली खरी तांब्याची तार.) खात्रीसाठी एक काडी पक्कडीत धरून लायटरच्या ज्योतीत नेली. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं १०८५ ला. तांब्याची काडी नुसती लाल झाली असती; ही वाकली आणि तिचा गोळा होऊन तुटली. हे करताना प्लास्टिक आधी पूर्ण काढा आणि खिडकी उघडी ठेवा. चुंबक लावून काही कळत नाही, अॅल्युमिनियम त्याला चिकटत नाही.

मग वीण चिरली. अंगठ्याएवढ्या जाडीत खरी तार करंगळीच्या निम्म्याहूनही कमी, बाकी सुती दोऱ्याचा भराव. भराव असणं हा गुन्हा नाही, केबल गोल राहावी म्हणून चांगले उत्पादकही घालतात. पण 'फिल्टर नेटवर्क' म्हणून मिरवलेल्या त्या लाकडी नळकांड्यात दोन लोखंडी वॉशर निघाले, कशालाच न जोडलेले. केबल हातात घेतल्यावर दमदार वाटावी एवढंच त्यांचं काम. तांब्याची घनता ८.९६ आणि अॅल्युमिनियमची २.७, वॉशर नसते तर वजनावरूनच शंका आली असती.

मोजलंही. साधा मल्टिमीटर इथे फारसा कामाचा नाही, त्याच्या वायरींचाच रोध केबलपेक्षा जास्त भरतो. मित्राच्या बेंच सप्लायवरून (हवा तेवढा प्रवाह देणाऱ्या यंत्रावरून) १ अँपिअर प्रवाह सोडला, लांबच्या टोकाला दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या आणि जवळच्या टोकांवर मिलिव्होल्ट पाहिले. ४ चौरस मिलिमीटर तांबं, जाऊन-येऊन ६ मीटर, म्हणजे साधारण २६ मिलिव्होल्ट यायला हवेत. आले ११० च्या आसपास. म्हणजे धातू खोटा आणि जाडीही खोटी.

आता यातली गंमत बघा. ०.११ ओहम हा रोध ८ ओहमच्या स्पीकरला खटकण्याइतका नाही. केबलचा रोध स्पीकरच्या पाच टक्क्यांच्या आत असावा हा नेहमीचा ठोकताळा, म्हणजे ०.४ ओहमपर्यंत चालतं. माझ्या बाबतीत आवाज जेमतेम ०.१ डेसिबलने घटत होता. नकली केबल व्यवस्थित वाजत होती! म्हणून तर हा धंदा चालतो. अस्सल महागडी केबल कानाला साध्या तांब्याच्या वायरीहून वेगळी कळत नाही आणि नकलीही कळत नाही. मग तक्रार करणार कशाची? काही महागड्या केबलींत चांदीचा बडेजाव असतो, पण चांदी तांब्यापेक्षा फक्त पाच-सहा टक्के चांगली वाहक आहे. तार एका नंबराने जाड घेतली की तो फरक सहज भरून निघतो.

केबलने फरक पडतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. लांबच्या स्पीकरला अगदी बारीक वायर लावली तर पडतो. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (रेकॉर्डवरची सुई धरणारा एक प्रकारचा भाग) असलेल्या टर्नटेबलला केबलचं कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याचा गुण, बाधतं, तिथे वरच्या पट्टीतला आवाज खरोखर बदलतो. पण हे सगळं आकड्यांत सांगता येतं, आणि जो विक्रेता आकडे विचारल्यावर 'भावना ऐका' म्हणतो, तिथे पाणी मुरतंय. कुणी दोन केबलींमधला फरक छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला १६ वेळा न बघता ओळखायला लावा. १२ बरोबर आले तर नुसत्या नशिबावर भागवता येणार नाही. २००७ मध्ये भोंदू दावे उघडे पाडणारे जादूगार जेम्स रँडी यांनी महागड्या स्पीकर केबलींसाठी अशाच चाचणीवर दहा लाख डॉलर देऊ केले होते. ते बक्षीस कुणी नेलं नाही.

सोललेली काडी दाखवल्यावर विक्रेता आधी म्हणाला, हे 'हायब्रिड कंडक्टर' तंत्र आहे. मग खोक्यावरचा मजकूर पुढे केला, तेव्हा म्हणाला, मुदत संपली. शेवटी वरच्या मॉडेलवर सवलत देऊ केली, जणू तिथे तो तांबं घालणार होता.

त्यामुळे पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: धातू कोणता, जाडी किती चौरस मिलिमीटर आणि लांबी किती. 'उबदार आवाज', 'काळी पार्श्वभूमी' हे कुणी खोटं ठरवू शकत नाही. '१०० टक्के तांबं' एका ब्लेडने खोटं ठरतं. प्लगचा स्क्रू सैल करून टोक पहिल्याच आठवड्यात खरवडा. प्लग कायमचे दाबून बसवलेले असतील तर विकत घेण्याआधीच उघड्या टोकाचा नमुना मागा. बर्न-इन हवाच असेल तर परतीची मुदत बर्न-इन संपल्यानंतर सुरू होईल, असं लेखी द्या म्हणावं. मी नंतर हे दोघा विक्रेत्यांना विचारलं. एकाने विषय बदलला. दुसरा हसून म्हणाला, "बर्न-इनचं सोडा हो, अडीच स्क्वेअरची तांब्याची वायर घ्या," आणि रिळावरून कापून दिली. तीच लावली आहे.

त्याच माणसाकडून केबल घेतलेल्या आणखी दोघांना मी टोकं खरवडायला सांगितलं. दोघांचीही पांढरीच निघाली. त्यातला एकजण अजून ३० दिवसांच्या आत होता. त्याने खोक्याचा आणि काडीचा फोटो शेजारी-शेजारी ठेवून पाठवला, खाली फक्त 'मालाचं वर्णन चुकीचं' एवढंच लिहिलं, आवाजाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याचे पैसे परत आले.