फार्मसीच्या पोरांची पॅलिएटिव्ह केअर स्किल टेस्ट, खोटा नातेवाईक होऊन आलो – 5 पैकी 3.5

जळगावजवळच्या एका फार्मसी कॉलेजात झाली ही टेस्ट, पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे मोठ्या आजारात पेशंटचं दुखणं-त्रास कमी करायच्या कामाची, नाव लिहीत नाही उगाच वाद नको. माझं चोपड्याकडे मेडिकल आहे, 22 वर्षं गल्ल्यावर बसतो, तर तिथल्या एका सरांचा फोन आला की भाऊ एक दिवस पेशंटचा नातेवाईक बनून बसाल का, पोरांची परीक्षा घ्यायची आहे. म्हटलं चला, दुकान पोऱ्यावर सोडून गेलो.

पद्धत ऑस्कीची (OSCE), म्हणजे करून दाखवायची परीक्षा. 1975 साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या हार्डन नावाच्या डॉक्टरांनी मांडलेली, आता मेडिकल कॉलेजात सगळीकडे चालते. सहा टेबलं, प्रत्येक टेबलावर वेगळं काम, आठ मिनिटं झाली की बेल आणि पोरगं पुढच्या टेबलावर. व्हायवासारखं (तोंडी परीक्षा) पाठ केलेलं ओकून चालत नाही, समोर माणूस बसलेला असतो. हा भाग एकदम आवडला, आमच्या वेळी असलं काही असतं तर अर्धे लोक नापास झाले असते, मी धरून.

माझं टेबल तिसरं. माझा बाप (खोटा) 62 वर्षांचा, तोंडाचा कॅन्सर, गुटख्याने गेलेला जबडा. गुटखाबंदी 2012 ची आहे राज्यात, तरी आपल्याकडे असा पेशंट शोधायला लांब जावं लागत नाही. डॉक्टरांनी मॉर्फिन (अफूपासूनचं, जोरदार दुखणं कमी करणारं औषध) 10 एमजी दर चार तासांनी लिहिलंय आणि मी घाबरलोय. मला सांगितलेलं अहिराणीत बोला, म्हणून प्रत्येकाला मी एकच विचारायचो, "मना बापले हाई गोयी दिधी ते त्याले नशा लागी जाई का?" (ही गोळी दिली तर बापाला नशेची सवय लागेल का?)

हिशोबात पोरं पक्की. दिवसाचे 60 एमजी, मध्येच दुखणं उसळलं तर जादा डोस त्याचा सहावा भाग म्हणजे 10, तोंडावर उत्तर. पण मी म्हटलं रात्री दोनच्या गोळीला घरात कोण उठणार, तर शांतता. झोपताना दुप्पट डोस देऊन रात्रीची गोळी टाळतात, तसं चालेल का ते डॉक्टरांना विचारून सांगतो, एवढं म्हणणारे 24 पैकी चारच निघाले.

मग पोटाचा विषय. मॉर्फिन सुरू झालं की संडास कडक होणार हे ठरलेलं, त्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच पाहिजे. एक पोरगी म्हणाली "रुग्णास मलावरोध संभवतो". मी तिच्याकडे बघतच राहिलो. बाई गं, पोट साफ व्हस नही असं म्हण ना! आणि बऱ्याच जणांनी इसबगोल सांगितलं. जो माणूस घोटभर पाणी पण मुश्किलीने गिळतो त्याला इसबगोल दिलं तर आतल्या आत घट्ट गोळा बसतो, तिथे बिसाकोडिलसारखं आतडं हलवणारं औषध लागतं. हे मला पण त्या दिवशी परीक्षक मॅडमकडून कळलं, मी 22 वर्षं डोळे झाकून इसबगोलचे डबे देत आलोय. काय बोलणार पोरांना.

कायद्याच्या टेबलावर पोरं फाडफाड बोलत होती म्हणे, 1985 चा एनडीपीएस (अमली पदार्थांचा) कायदा, 2014 ची दुरुस्ती, मॉर्फिन ठेवायची परवानगी असलेल्या मान्यताप्राप्त संस्था वगैरे. आणि तीच पोरं माझ्याकडे येऊन सांगतात "काका, कुठल्याही मेडिकलवर मिळून जाईल". अरे मी मेडिकलवालाच आहे ना भो, माझ्या दुकानात मॉर्फिन नाही, आमच्या गल्लीत कोणाकडेच नाही! चुकीचा पत्ता दिला तर दुखणाऱ्या माणसाचा नातेवाईक दिवसभर उन्हात फिरेल.

उन्हावरून आठवलं, पाचवं टेबल फेंटानिलच्या पॅचचं होतं, म्हणजे दुखण्यासाठी कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी. 72 तासांनी बदला, कापू नका, काढला की चिकट बाजू आत घेऊन दुमडा, सगळ्यांनी सांगितलं. पॅच गरम झाला की औषध अंगात जास्त उतरतं म्हणून शेकायची पिशवी लावू नका हेही सांगितलं. पण आपल्याकडे मे महिन्यात 45 ला पारा जातो, इथे वेगळी पिशवी कशाला लागते? चहाच्या वेळी त्या टेबलाचे परीक्षक सांगत होते की यावलकडचा एकच पोरगा बोलला, दुपारी पेशंटला पत्र्याच्या खोलीत झोपवू नका, कूलर नसेल तर जिथे गारवा असेल तिथे खाट टाका, आणि ताप आला तर लगेच फोन करा. त्याला माझ्याकडून दहापैकी अकरा.

आता तक्रार. गुणांच्या कागदावर एक ओळ होती, "सहानुभूती दाखवली", एक मार्क. झालं, 19 पोरांनी मला सेम टू सेम वाक्य टाकलं, "काका, मी तुमची परिस्थिती समजू शकतो", तेही घड्याळाकडे बघत. मी मोजलं. आणि परीक्षक टिक मारत गेले. शेवटच्या दोन मिनिटांत मला विचारायचं होतं, "मॉर्फिन लिहिलं म्हणजे आता संपलं ना सगळं?" बहुतेक सगळे म्हणाले नाही नाही, बरे होतील. हे खोटं आहे आणि नातेवाइकाला कळतं की खोटं आहे. एका पोरीने मात्र पेन खाली ठेवला, जरा थांबली, म्हणाली, "काका, हे दुखण्याचं औषध आहे, दुखणं जास्त आहे म्हणून दिलंय. किती दिवस राहिलेत ते मला नाही सांगता येणार, डॉक्टरांना विचारू, पाहिजे तर मी सोबत येते." त्या वाक्याचा मार्क कागदावर कुठेच नव्हता, आणि "समजू शकतो" म्हणाली नाही म्हणून एक कापला. चोवीसही पोरांच्या समोर मी बसलो, पण मला कोणी विचारलं नाही की कोणाचं बोलणं पटलं. पुढच्या वेळी निदान पाच मार्क तरी नातेवाइकाच्या हातात द्या सर. आणि पोरांना त्याच दिवशी बसवून चुका सांगा, नुसते मार्क नोटीस बोर्डावर चिकटवून इसबगोल सुटणार नाही.

बाकी व्यवस्था ठीक, पंखे चालू होते, गाडी सावलीत लावायला जागा नाही. दुपारी शेवभाजी होती, तर्री बरी पण तिखट पुणेकरांसाठी केल्यासारखं.