लम्प चारकोल की ब्रिकेट? आणि लम्प घ्यायचा तर कुठला?

बार्बेक्यूच्या कोळशाची पिशवी हातात घेतली की नजर आधी लाकडाच्या नावावर जाते. ओक, हिकरी, मेस्किट, केब्राचो. माझ्या मते हे नाव तिसऱ्या क्रमांकावर यायला हवं. आधी बघायचं ते आपलं ग्रिल कसलं आहे आणि विस्तव किती वेळ राखायचा आहे. त्यानंतर पिशवीतल्या तुकड्यांचा आकार. लाकडाची जात सगळ्यात शेवटी.

लम्प चारकोल म्हणजे कठीण लाकडाचे तुकडे जवळजवळ हवाबंद भट्टीत ४०० ते ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजून केलेला कोळसा. पाणी, डांबर आणि बरेचसे वायू निघून जातात आणि मुख्यतः कार्बन उरतो. वरून काही मिसळलेलं नसतं, त्यामुळे फांदीची गाठ आणि लाकडाचे रेषे कोळशातही ओळखू येतात. ब्रिकेट म्हणजे कोळशाचा चुरा स्टार्चच्या खळीत कालवून साच्यात दाबलेल्या वड्या. काही उत्पादक त्यात दगडी कोळसा, राख पांढरी दिसावी म्हणून चुनखडी, झटपट पेटावं म्हणून सोडियम नायट्रेट असंही घालतात. म्हणून ब्रिकेट घेताना घटकांची यादी वाचावीच. फक्त चुरा आणि स्टार्च असलेल्या ब्रिकेटविषयी माझी काहीच तक्रार नाही.

दोघांतला फरक युरोपच्या ईएन १८६०-२ या मानकात नेमका दिसतो. लम्पमध्ये स्थिर कार्बन (वायू निघून गेल्यावर उरणारा, निखारा होऊन जळणारा भाग) किमान ७५ टक्के आणि राख जास्तीत जास्त ८ टक्के असावी, अशी अट आहे. ब्रिकेटला कार्बन किमान ६० टक्के चालतो आणि राख १८ टक्क्यांपर्यंत. पुढचे बरेचसे निर्णय या राखेवरच ठरतात.

झटपट भाजायचं असेल तर

इथे लम्प सरस आहे. तो लवकर फुलतो, आच जास्त देतो आणि ग्रिलची हवेची झडप उघडली-मिटली की लगेच दाद देतो. चिमणी स्टार्टरमध्ये (कोळसा उभा भरून खालून पेटवायचं पत्र्याचं नळकांडं) साधारण १५ ते २० मिनिटांत निखारे तयार होतात. त्याची खोड एकच: तुकडे लहानमोठे असल्याने जाळीखाली एका कोपऱ्यात रसरशीत धग आणि दुसरीकडे अर्धीमुर्धी, असं होतं. चिमट्याने निखारे सारखे करायचा कंटाळा असेल तर ब्रिकेट बरे. त्यांची आच थोडी कमी असते, पण सगळीकडे सारखी लागते.

तासन्तास धुरी द्यायची असेल तर

स्मोकिंगला साधारण १०७ ते १३५ अंशांची मंद आच बराच वेळ टिकवावी लागते, आणि इथे उत्तर ग्रिलप्रमाणे बदलतं. कमाडो म्हणजे जाड भिंतींचं, अंड्याच्या आकाराचं, झाकणाचं सिरॅमिक ग्रिल; त्याला हवा फार थोडी लागते. ती खालच्या झडपेतून येते आणि राख साचते तीही तिथेच. ब्रिकेट घातले तर काही तासांत वाट तुंबते आणि विस्तव गुदमरतो. कमाडोवाल्याने डोळे मिटून लम्प घ्यावा.

पातळ पत्र्याच्या, गोल झाकणाच्या केटल ग्रिलचं गणित उलटं आहे. त्यात ब्रिकेट कडेने अर्धवर्तुळात, एकाला एक लावून रचायचे आणि एकच टोक पेटवायचं. वड्या सारख्या मापाच्या असल्याने विस्तव ओळीने सरकत राहतो. लम्पची अशी रांग लावून बघा: कुठे फट राहते आणि विस्तव विझतो, कुठे दोन बारीक तुकडे एकदम भडकतात. एकाच केटलवर भाजणं आणि धुरी दोन्ही करणाऱ्याने सरळ दोन पिशव्या ठेवाव्यात.

लम्प ठरला, आता कुठला?

दक्षिण अमेरिकेतला केब्राचो आणि क्युबात पडीक शेतं व्यापून टाकणारं काटेरी माराबू या दोन्हींचा कोळसा घट्ट आणि जड. पेटायला वेळ घेतो, पण टिकतो. लांबच्या कामाला उत्तम. ओकचा कोळसा मधला, कशालाही चालणारा. पहिली पिशवी घेणाऱ्याला मी तोच सुचवेन. मेस्किटची आच कडक, पण तो तडतडतो आणि ठिणग्या उडवतो; चिमणी पेटवताना चार हात लांब राहावं लागतं. जपानी बिंचोतान हे प्रकरणच वेगळं. भट्टीत शेवटी १००० अंशांच्या वर नेऊन ओल्या राख-मातीखाली विझवलेला हा कोळसा धूर जवळजवळ करत नाही, पण पेटता पेटत नाही. निखाऱ्याच्या अगदी जवळ भाजण्यासाठी तो सुरेख. धुरीसाठी त्यावर पैसे घालवू नयेत.

पिशवीवर हिकरीच्या चवीचं आश्वासन छापलेलं असेल तर फार मनावर घेऊ नका. लाकडाचा कोळसा होताना सुवास देणारी बहुतेक द्रव्यं उडून गेलेली असतात. भाजण्याची चव येते ती निखाऱ्यावर ठिबकणाऱ्या चरबी आणि रसांमुळे, धुराची येते ती वरून टाकलेल्या सुक्या लाकडाच्या ढलप्यांमुळे. कोळसा साधा घ्यावा आणि ढलप्या आवडीच्या.

पारख मात्र पिशवीच्या आतल्या मालाचीच करायची. नवी पिशवी एकदा पूर्ण ओतून बघावी. मुठीएवढे तुकडे, अक्रोडाएवढे तुकडे आणि भुगा असे तीन ढीग करा. भुग्याचा ढीग मोठा दिसला तर ती पिशवी पुन्हा घेऊ नये, कारण भुगा निखाऱ्यांमधल्या फटी बुजवतो आणि हवा अडते. मुठीएवढे तुकडे स्मोकिंगला, मधले भाजायला. दोन तुकडे एकमेकांवर आपटा: खणखणीत आवाज आला तर कोळसा कोरडा आणि नीट भाजलेला, आवाज बद्द आला तर ओल धरलेली असेल किंवा भट्टीतून लवकर काढलेला असेल. एखादा तुकडा फोडून बघा. गाभा तपकिरी दिसला तर तो पेटताना कडवट पांढरा धूर सोडणार. सरळ कापलेले चौकोनी तुकडे असतील तर माल लाकूडकामाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचा आहे. तेवढ्याने तो वाईट ठरत नाही, पण खिळा, रंग किंवा प्लायवुडचे थर दिसले तर तो कोळसा अन्नाखाली पेटवू नये.

दर बघताना पिशवीचा आकार बघू नका, वजन बघा. हलक्या लाकडाचा कोळसा जागा भरपूर व्यापतो आणि लवकर संपतो. शिवाय काम झाल्यावर वरखालच्या दोन्ही झडपा बंद केल्या की लम्प विझतो आणि उरलेले तुकडे राख झटकून पुढच्या वेळी वापरता येतात. ब्रिकेटही विझवता येतात, पण अर्धवट जळलेल्या वड्या हाताळताना सहज भुरभुरतात. ग्रिल विझलं असं वाटलं तरी ते घरात आणायचं नाही. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो, आणि त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.