एस्पोझितो आडनावाच्या कसोटीवर इटलीचं ‘अन्तेनाती’ पोर्टल

इटालियन आडनावाचा इतिहास शोधू लागलं की आधी दिसतात ती विकत मिळणारी कुलचिन्हं आणि ‘घराण्याचा उगम’ छापलेली शोभिवंत प्रमाणपत्रं. त्यावर पैसे घालवू नयेत. कुलचिन्ह एखाद्या ठरावीक घराण्याचं असतं, ते आडनाव लावणाऱ्या सगळ्यांचं नसतं. शिवाय 1948 च्या राज्यघटनेनुसार इटलीचं प्रजासत्ताक सरदारकीचे किताब मानतच नाही. खरा माल सरकारी दप्तरात आहे आणि तो इटलीच्या पुराभिलेख खात्याच्या ‘अन्तेनाती’ या पोर्टलवर 2011 पासून फुकट पाहता येतो. जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदवह्यांची मूळ पानं, तीही खातं न काढता.

फक्त या वह्या कुठून सुरू होतात ते आधी माहीत हवं. नागरी नोंदणी नेपोलियनच्या काळात आली: नेपल्सच्या राज्याच्या (म्हणजे दक्षिण इटलीच्या) मुख्य भूमीवर 1809 पासून, सिसिलीत मात्र 1820 पासून. एकीकृत इटलीची नोंदणी 1866 ला सुरू झाली, व्हेनेतो आणि रोमच्या बाजूला 1871 ला. नेपोलियन गेल्यावर उत्तरेत बऱ्याच ठिकाणी हे काम पुन्हा पाद्र्यांकडे गेलं, त्यामुळे तिथे 1815 ते 1865 हा काळ बहुधा रिकामा दिसतो. दक्षिणेतलं आडनाव शोधणाऱ्याची इथे चांदी आहे. त्याहून जुनं हवं असेल तर चर्चच्या वह्या. कॅथलिक चर्चच्या ट्रेन्ट इथल्या परिषदेनं 1563 मध्ये बाप्तिस्मा आणि विवाहाची नोंद बंधनकारक केली, पण त्या वह्या पॅरिश (स्थानिक चर्च) किंवा धर्मप्रांताच्या ताब्यात असतात. पोर्टलवर त्या मिळण्याची आशा धरू नये.

नावानं शोधण्याची सोय पोर्टलवर आहे आणि नवखा माणूस तिथेच फसतो. सगळ्या वह्यांतली नावं अजून अनुक्रमित झालेली नाहीत. तेव्हा ‘निकाल नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘त्या वहीतली नावं अजून कोणी उतरवली नाहीत’ इतकाच असतो. आधी गाव, म्हणजे कोमूने, पक्कं करावं. मग त्या प्रांताचं अभिलेखागार, मग वह्यांचा गट (नापोलेओनिको म्हणजे नेपोलियनच्या काळातला, रेस्ताउराझिओने म्हणजे तो गेल्यानंतरचा किंवा इतालियानो म्हणजे एकीकृत इटलीचा), मग गाव, वर्ष आणि नोंदीचा प्रकार, अशा पायऱ्यांनी उतरावं. प्रांतांच्या सीमा बदलल्या आहेत हेही ध्यानात ठेवावं. तेर्रा दि लाव्होरो हा मोठा प्रांत 1927 मध्ये मोडला, त्यामुळे तिथली गावं आज वेगवेगळ्या प्रांतांत आहेत. नेपल्स शहराच्या वह्या तर मेर्कातो, पेन्दिनो, पोर्तो अशा पेठांनुसार आहेत. पेठ माहीत नसेल तर एका वर्षासाठी डझनभर वह्या चाळाव्या लागतात.

कसोटीला एस्पोझितो घ्यायचं कारण असं की पोर्टलची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्यात उघड्या पडतात. नेपल्सच्या अनुन्झिआता या अनाथ बाळं सांभाळणाऱ्या संस्थेच्या भिंतीतल्या फिरत्या लाकडी पेटीत सोडून दिलेल्या बाळांना हे आडनाव मिळत असे. ती पेटी 1875 मध्ये बंद झाली. त्याच्या कितीतरी आधी, नेपोलियनचा मेहुणा मुरा नेपल्सचा राजा असताना, अशा मुलांना हे आडनाव द्यायला मनाई झाली आणि पुढे अधिकारी प्रत्येकासाठी नवंच आडनाव बनवू लागले. म्हणजे एकोणिसाव्या शतकातले बहुतेक एस्पोझितो हे त्याआधीच्या अनाथ बाळांचे वंशज, आणि दोन एस्पोझितो कुटुंबांचं एकमेकांशी नातं असेलच असं मुळीच नाही. मिलानमध्ये हीच गोष्ट कोलोम्बोची (तिथल्या ओस्पेदाले माज्जोरे या इस्पितळाचं चिन्ह कबूतर), तर फ्लॉरेन्समध्ये इनोचेन्तीची. ‘एस्पोझितो घराण्याचा मूळ पुरुष’ सांगणारं कोणतंही प्रमाणपत्र थाप आहे, हे सांगायला एवढं पुरे.

सोडलेल्या बाळाची नोंद वाचण्यासारखी असते: कधी सापडलं, अंगावर कोणते कपडे होते, नाव कोणी ठेवलं. मात्र आईबापांचा माग तिथेच तुटतो.

पानं वाचताना चुका ठरलेल्या जागी होतात. बापाच्या नावाआधी ‘दि’ असेल तर तो हयात, ‘फू’ असेल तर वारलेला. एवढ्या एका शब्दावरून मृत्यूची नोंद कोणत्या वर्षांत शोधायची ते ठरतं. महिना 7 आकडा आणि पुढे ‘ब्रे’ असा लिहिला असेल तर तो सप्टेंबर, जुलै नव्हे. 8 म्हणजे ऑक्टोबर, 9 म्हणजे नोव्हेंबर. बायका लग्नानंतरही माहेरच्या आडनावानंच नोंदलेल्या असतात. वहीच्या शेवटची सूची कधीकधी आडनावाऐवजी पहिल्या नावानं लावलेली असते, म्हणून आडनावाच्या अक्षराखाली काही दिसलं नाही तरी सूची पूर्ण चाळावी. एस्पोझितो आणि स्पोझितो, किंवा दे लूका, दि लूका आणि देलूका, असे लिहिण्यातले फरक एकाच कुटुंबात सापडू शकतात.

सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे ‘प्रोचेसेत्ती’, विवाहाला जोडलेली कागदपत्रं. वधूवरांच्या जन्माचे उतारे, बाप वारला असेल तर त्याचा मृत्यूदाखला, आणि अशा वेळी अनेकदा आजोबाचाही. 1820 च्या लग्नाच्या गठ्ठ्यातून थेट अठराव्या शतकात पोहोचता येतं. गठ्ठे जाड असतात आणि सूची नसली तर पान-पान उलटावं लागतं, पण वेळ घालवायचाच तर इथे घालवावा.

अख्खी वही एकदम डाउनलोड करायची सोय नाही, ही मोठी गैरसोय. म्हणून हव्या त्या पानाचा कायमचा दुवा लगेच टिपून ठेवावा. पोर्टलवरचं चित्र कायदेशीर दाखला म्हणूनही चालत नाही. नागरिकत्वासारख्या कामासाठी दाखला गावच्या कोमूनेच्या कचेरीकडूनच मागवावा लागतो. मागणी करताना नाव, तारीख आणि वहीतला नोंद क्रमांक तिन्ही द्यावेत, आणि ‘कोपिया इन्तेग्राले’, म्हणजे पूर्ण नक्कल हवी असेल तर तसं स्पष्ट लिहावं. नाहीतर संक्षिप्त उतारा हाती पडू शकतो.