कीपासएक्ससी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ माझे कर सल्लागाराचे कार्यालय आहे. हळद आणि बेदाण्याच्या सुमारे सव्वाशे व्यापाऱ्यांचे जीएसटी व प्राप्तिकराचे पासवर्ड आम्ही वर्षानुवर्षे एका लाल वहीत लिहून ठेवत होतो. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा गावभागातल्या घरी ही वही भिजली आणि पाने वाळवल्यावर शून्य कोणते, ‘ओ’ कोणता हे ओळखता येईना.

तरीही पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एकत्र कुलूपबंद ठेवणारे सॉफ्टवेअर, घ्यायला मी बिचकत होतो, त्याला कारण लास्टपास या अशाच एका सेवेचे प्रकरण. ऑगस्ट २०२२ मध्ये घुसखोरी झाली तेव्हा ग्राहकांच्या माहितीपर्यंत कोणी पोहोचल्याचा पुरावा नाही, असे कंपनीने सांगितले. डिसेंबरमध्ये मात्र ग्राहकांचे पासवर्ड असलेल्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्याचे मान्य केले, आणि त्यांतले संकेतस्थळांचे पत्ते तर कूटबद्धही (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात) नव्हते. चोरी कोणाकडेही होऊ शकते, परंतु खरे चित्र ग्राहकाला चार महिन्यांनी कळावे, हे मला अक्षम्य वाटते.

शेवटी मी निवडलेला पासवर्ड मॅनेजर, कीपासएक्ससी, मोफत आणि मुक्तस्रोत आहे (त्याचा मूळ कोड कोणालाही पाहता येतो), आणि पासवर्डांची कूटबद्ध फाइल आपल्याच संगणकावर राहते. ही फाइल उघडणाऱ्या मुख्य पासवर्डासाठी मी डोळे मिटून सहा वेळा मराठी शब्दकोश उघडला आणि बोट पडेल तो शब्द घेतला. हा मुख्य पासवर्ड विसरला तर कोणीही परत मिळवून देत नाही, म्हणून कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला आहे.

खरा उपयोग जुलैत कळला. ‘परतावा मंजूर’ अशा मेलमधली लिंक आमच्या सहायक मुलीने उघडली. पान हुबेहूब प्राप्तिकर खात्याचे होते, पण ब्राउझरमधील कीपासएक्ससीच्या जोडणीने पासवर्ड पुढे केला नाही. ती म्हणाली, “सर, हे आज भरतच नाही बघा.” पत्ता वाचला, तर शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ नव्हते. माणसाचा डोळा फसला, तरी पत्ता जुळल्याशिवाय हे साधन पासवर्ड देत नाही.

त्रास फाइलीच्या देवाणघेवाणीचा आहे. दोन संगणकांवर एकाच दिवशी बदल केल्याने दोन वेगळ्या प्रती झाल्या आणि मर्जची, म्हणजे दोन्ही प्रती एकत्र करण्याची, सोय सापडेपर्यंत अर्धा दिवस गेला. आता बदल फक्त एकाच संगणकावर करतो आणि दर शनिवारी पेनड्राइव्हवर प्रत घेतो.

पक्षकारांना समजावणे अजून चालू आहे. पासवर्ड बदलू म्हटले की एक अडते म्हणतात, “साहेब, वहीत आहे की तो!” अशा अकरा जणांचे जुनेच पासवर्ड चालू आहेत, तोवर ती वही मला कपाटात कुलूप लावून ठेवावी लागते.